बिनधुराची शेगडी

शकुंतला बाळंत झाल्यापासून घरातल्यांना एक नवी सवय लागली होती. अनसूयेशी बोलायचं तर आधी तिचा चेहरा न्याहाळायचा. पाण्याचा तांब्या मागायचा असला तरी आधी चेहरा. आणि न्याहाळणाऱ्याला तिथं सापडायचंही बरंच काही, कारण पोटातलं लपवायची कला देवानं त्या बाईला दिलीच नव्हती. ती जळत होती. सरळ सांगायचं तर धाकट्या जावेवर जळत होती, आणि हे तिचं तिलाही पक्कं ठाऊक होतं.

मुलगा झाला म्हणून जळत होती, असं गल्लीतल्या बायका म्हणत. ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. अनसूयेला एकच लीला, नऊ वर्षांची, आणि त्यानंतर कूस उजवली नाही हे दुःख जुनं होऊन अंगात मुरलं होतं. नवं दुःख होतं ते खोलीचं. अंगणाच्या पूर्वेला शरच्चंद्रानं ही खोली बांधली तेव्हा तो बिनलग्नाचा होता. हायस्कुलात मास्तर, खर्चाला हात सैल. भिंतींना चुन्याचा गिलावा, सागवानी दार, दोन खिडक्या आणि खिडक्यांना चक्क काचा. बांधकाम चालू असताना अनसूयेच्या नवऱ्यानं, कमलाकरानं, एकदा विड्याला चुना लावता लावता म्हटलं होतं, "बहुतेक ही आपल्यालाच." बस, तेवढंच. पुढं शरच्चंद्राचं लग्न झालं, जेऊरच्या स्टेशनमास्तरांची शकुंतला घरात आली, आणि खोली तिची झाली. कमलाकर नगरपालिकेत कारकून होता. त्याला बोललेलं विसरायची सवय होती. अनसूयेला नव्हती.

शकुंतलेला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. अनसूयेचंही सासरीच झालं होतं, कारण तेव्हा तिच्या माहेरी अक्कलकोटकडं प्लेग होता. म्हणजे एकाच घरातली दोन बाळंतपणं, आणि ताडून बघायला काही कमी नको. अनसूयेची खोली मागची, जुनी, माळवदाची. बाजेखाली गोवऱ्यांची शेगडी. धूर इतका व्हायचा, की बाळ-बाळंतीण दोघी डोळे पुसत आणि खोकत राहायच्या. शेवटी सासूच वैतागून दार उघडायची आणि माळवदाच्या झरोक्यावरचा दगड काठीनं सरकवायची. शकुंतलेसाठी शरच्चंद्रानं नवी पेठेतून लोखंडी जाळीची नवी शेगडी आणली आणि वर लोणारी कोळशाचं पोतं.

"बाळाच्या डोळ्यांना धूर नको," तो म्हणाला होता. "कोळसा आधी अंगणात फुलवायचा आणि मगच आत न्यायचा. धूर म्हणून नाही."

माझ्या लीलेला काय डोळे नव्हते? हे वाक्य तेव्हा अनसूयेच्या जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं.

त्यातून पौषातली थंडी त्या वर्षी जरा जास्तच पडली. काचांच्या फटीतून वारं येतं, असं माईंच्या, म्हणजे तिच्या सासूबाईंच्या लक्षात आलं. बाळंतिणीला वारं लागलं की संपलं सगळं. तेव्हा अनसूया उठली. तिनं कणकेची खळ शिजवली, जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडल्या, आणि दोन्ही खिडक्यांच्या फटी अशा चिकटवल्या की मुंगीला वाट राहू नये. दारावरच्या जाळीत चिंध्या कोंबल्या. दाराच्या खाली घालायला गोणपाटाची वळकटी शिवली. एवढं करायला कुणी सांगितलं नव्हतं. पण हलगर्जी झाली तर लोक म्हणणार, जळकी मेली, मुद्दाम फट ठेवली. म्हणून तिनं फट ठेवलीच नाही. जिच्या मनात खोट असते तिला काम जरा जास्तच चोख करावं लागतं.

"अनसूयेनं हात लावला की बघायला नको," माई म्हणाल्या होत्या. सबंध बाळंतपणात अनसूयेच्या वाट्याला आलेला कौतुकाचा शब्द तेवढाच.

आणि आता बारसं तोंडावर आलेलं असताना बाळ नीट पीत नव्हतं.

रविवारची सकाळ होती. सुईण राजाबाई शकुंतलेला न्हाणीघरात घेऊन बसली होती, अनसूया चुलीवरचं कढत पाणी आणून दाराशी देत होती. अंगावर पाणी पडलं तशी शकुंतला हळूहळू माणसात आली. न्हाणीत येताना तिला राजाबाईनं आणि माईंनी धरून आणलं होतं.

"अक्का, आज भाजी कसली?" तिनं आतून विचारलं.

"तुला काय करायचंय? तुला मेथी आणि भाकरीच." अनसूया म्हणाली, पण आवाज जरा मऊ निघाला. इतक्या दिवसांत हिनं आपण होऊन पहिल्यांदा काही विचारलं होतं.

"वांग्याचा वास येतोय. डाळ घातलीय ना? आत मला कसलाच वास येत नाही हो. नुसतं डोकं धरतं."

राजाबाई माईंकडं वळली. माई न्हाणीबाहेर पाटावर बसल्या होत्या. त्यांच्या कपाळावर सुंठेचा लेप होता, कारण रात्रंदिवस त्याही बाळंतिणीच्या खोलीतच असत आणि त्यांचंही डोकं हल्ली उठत होतं. वय झालं, जागरणं झेपत नाहीत, असं त्या म्हणत.

"माई, आता कशी बोलतिया बगा की," राजाबाई म्हणाली. "आन आत नेली की मान टाकतीया. ल्योक बी तसाच. ही दिष्ट न्हाय तर काय हाय?"

"मलाही तसंच वाटतंय गं."

"न्हाणीत उगडं आंग असतंय. हितंच कुणीतरी बगून घेतंय, आन आत गेल्यावर ते चढतंय. मी लई बाळतपनं केल्यात, मला काय सांगता?"

न्हाणीच्या दाराशी अनसूयेशिवाय दुसरं कुणी उभं नव्हतं. राजाबाईनं तिच्याकडं पाहिलं नाही, माईंनीही नाही. दोघी मुद्दाम कुठंतरी तिसरीकडंच बघत होत्या.

"अनसूये," माई म्हणाल्या, "उद्यापासून पाणी लीला देईल."

"कढत पाणी? ती भाजून घेईल."

"निववून दे तिच्या हातात. तू आपलं स्वयंपाकाचं बघ."

अनसूयेनं हातातलं घंगाळ खाली ठेवलं. खोलीत जायला तिला तिसऱ्या दिवसापासूनच नको म्हटलं होतं, आता न्हाणीही बंद. तिला संताप आला, आणि संतापाच्या तळाशी एक भीती होती ती जास्त वाईट होती. कारण परवा सकाळी, शेजारच्या बायका बाळ बघून "कसा गोरापान" म्हणत परतल्या तेव्हा, तिच्या मनात एक विचार येऊन गेला होता. तो काय होता ते ती स्वतःलाही पुन्हा सांगायला तयार नव्हती. पण आला होता. न जाणो, माणसाच्या नजरेत खरंच असेल काही.

शकुंतलेला आत नेलं. अंगणात फुललेली शेगडी राजाबाईनं चिमट्यांनी उचलून बाजेखाली सरकवली, वर ओवा-बाळंतशेपा टाकल्या. दार लागलं. वळकटी फटीला बसली. आज मिठमोहऱ्या उतरायच्या म्हणून माई सामान काढायला कोठीत गेल्या, राजाबाई लिंबं आणायला बाजारात गेली, आणि पाळणा हलवायला लीलेला आत बसवलं.

तासाभरानं लीला स्वयंपाकघरात आली आणि चुलीपुढं बसलेल्या आईच्या पाठीला टेकून उभी राहिली.

"आई, माझं डोकं घणघण करतंय."

"उन्हात खेळलीस का?"

"नाही. बाळाजवळच होते. काकू झोपली. मला कसंतरी होतंय," असं म्हणेपर्यंत ती मोरीशी पळाली आणि भडाभडा ओकली.

अनसूयेनं तिचं तोंड धुतलं, कपाळ धरलं. ताप नव्हता. मागच्या दाराशी वाऱ्यावर बसवल्यावर पोरीच्या चेहऱ्याला हळूहळू रंग आला आणि ती चिंचेचं बुटुक मागायला लागली.

अनसूया तिच्याकडं बघत बसली. डाळ उतू गेली तरी तिचं लक्ष नव्हतं.

शकुंतलेला माझी नजर लागली, असं घटकाभर धरू. बाळालाही लागली. मी जळते, मान्य. पण माझ्या लीलेला कुणाची लागली? पोटच्या पोरीवर जळणारी आई अजून जन्मायची आहे. आणि माईंवर कोण जळतंय? त्यांच्या कपाळाला रोज सुंठ लागते ती कुणाच्या नजरेनं? मी तेवढी बरी, आणि मी तेवढीच त्या खोलीत जात नाही.

ती उठून उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा, तिच्यावर घेतलेल्या संशयातून तिला स्वच्छ दिसायला लागलं होतं. त्या खोलीतच काहीतरी होतं. वाड्याच्या जुन्या खोलीत नव्हतं ते. तिथं काय वेगळं होतं? शेगडी होतीच, दार लावलेलं असायचंच. पण तिथं धूर होता, आणि धूर होता म्हणून घटकाघटकेला कुणीतरी कुरकुरत दार उघडायचं. इथं धूर नाही, तर दार कोण कशाला उघडेल? आणि धूर डोळ्यांना दिसत नाही म्हणजे निखारा काहीच सोडत नाही, असं कुणी सांगितलं? काहीतरी सुटत असणार, आणि त्याला बाहेर जायला वाट उरली नव्हती. वाट तिनंच खळ लावून बुजवली होती. ती तशीच ओसरीकडं निघाली.

कमलाकर ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होता.

"ऐकलं का? त्या खोलीची खिडकी उघडायला हवी."

त्यानं पत्र खाली केलं आणि तोही आधी तिच्या चेहऱ्याकडं बघायला लागला. "का?"

"आतली हवा बरी नाही. लीला ओकली आत बसून. शेगडीचं काहीतरी आहे."

"तू मध्ये पडू नकोस."

"मध्ये म्हणजे?"

"म्हणजे आधीच लोक बोलतायत. तू खिडकी उघडलीस आणि त्या पोरीला उद्या बाळंतवारं झालं, तर मला या घरात तोंड काढायला जागा राहणार नाही." आवाज खाली करून तो पुढं म्हणाला, "तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. खोलीचं ते अजून गेलं नाही डोक्यातून."

"नाही गेलं. पण हे त्याच्यासाठी नाही."

"लोकांना कसं कळणार ते?"

खरंच, कसं कळणार. ती शरच्चंद्राकडं गेली. तो अंगणातल्या उन्हात मुलांच्या वह्या तपासत बसला होता. चेहरा उतरलेला होता, दोन रात्री झोप नव्हती बिचाऱ्याला.

"भाऊजी, दृष्टबिष्ट काही नाही ही."

"तेच मी माईला सांगतोय, वहिनी. संध्याकाळी डॉक्टर येतायत."

"संध्याकाळपर्यंत थांबू नका. शेगडी काढा आणि खिडक्या उघडा. आत कोंडलंय काहीतरी."

त्याचा चेहरा जरा आखडला. शेगडी त्यानं आणली होती, खोली त्यानं बांधली होती. "कोंडायला धूर तरी हवा ना? लोणारी कोळसा आहे तो. गोवऱ्यांचा धूर कोंडला तर मी समजू शकतो. अहो, इतकी स्वच्छ खोली आपल्या गल्लीत कुणाची नाही."

"स्वच्छ आहे म्हणूनच म्हणते."

"आणि शकुंतलेचे गाल बघितलेत? आजारी माणसाला अशी लाली येते का?"

ती लाली अनसूयेनं दारातून पाहिली होती आणि त्या लालीवरही ती जळली होती. आपण बाळंतपणात पिवळ्या पडलो होतो आणि ही गुलाबाचं फूल झाली, असं वाटलं होतं. आता त्या लालीची तिला भीती वाटायला लागली.

"काय चाललंय?" कोठीच्या दारातून माईंनी विचारलं. त्यांच्या हातात मिठमोहऱ्यांची वाटी होती.

"वहिनी म्हणतायत खिडक्या उघडा."

माईंनी वाटी खाली ठेवली. "पौषातल्या वाऱ्यात? ओल्या बाळंतिणीच्या अंगावर?" त्या चिडल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. "अनसूये, मी तुला इतके दिवस काही बोलले नाही. देवानं तुला दिलं नाही ते मीही सोसलंय. पण दुसरीच्या ओंजळीतलं सांडू नये गं."

 मागच्या दारात लीला चिंच चोखायची थांबली. अनसूयेला वाटलं, आता मूग गिळून स्वयंपाकघरात जावं. डाळ बघावी. संध्याकाळी डॉक्टर येतीलच, त्यांचं ते बघून घेतील. माझं कोण ऐकतंय? आणि समजा नाहीच आले वेळेवर, तर? तर खोलीही मोकळी होईल आणि... तिनं तो विचार पुरता होऊ दिला नाही. परवाचाच होता तो, फक्त आज कपडे बदलून आला होता. त्याचा तिला इतका धसका बसला की ती सरळ खोलीच्या दाराशी गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "शकुंतले!"

उत्तर नाही.

"शकुंतले, ओ दे."

बाळाचाही आवाज नव्हता. आता शरच्चंद्रही उठून उभा राहिला.

अनसूयेनं दार ढकललं. वळकटी फरपटत मागं सरली. आत ऊबदार, सुगंधी, छान वाटलं, ओव्याचा वास होता, धूर कुठंही नव्हता. शकुंतला बाजेवर डोळे अर्धवट उघडे ठेवून पडली होती. "अक्का, येतेय, आले," असं काहीतरी पुटपुटत होती आणि उठत नव्हती. पाळण्यातलं बाळ बाहुलीसारखं मऊ पडलं होतं.

ती खिडकीशी गेली आणि पट्ट्या ओरबाडायला लागली. खळ चांगली शिजवली होती, कागद सहजी सुटेना. नखं लागली, काचेचा एक तुकडा निखळून बोटात गेला. मागून माईंनी तिचा दंड धरला.

"सोड! सोड म्हणते ना! शरद, हिला आवर!"

"भाऊजी, आधी बाळ बाहेर न्या! मग मला आवरा, मारा, काय हवं ते करा!"

शरच्चंद्र मधोमध उभा. एकीकडं आई, एकीकडं वहिनी. त्यानं पाळण्यात हात घातला, आणि बाळाची मान त्याच्या तळव्यावर ज्या तऱ्हेनं कलली ती बघून त्याचा प्रश्न संपला. तो धावतच अंगणात गेला. अनसूयेनं दंड सोडवून खिडकी धाडकन उघडली, गार वारं आत आलं. कमलाकरही आता आत आला होता. त्यानं आणि अनसूयेनं मिळून शकुंतलेला उचललं.

"जुन्या खोलीत," अनसूया म्हणाली. "माझ्या अंथरुणावर. झरोका उघडाय तिथला."

पण तिथपर्यंत जायच्या आत, अंगणातच, शकुंतलेला जोराची ओकारी आली आणि गालांवरची सगळी लाली उतरून ती कागदासारखी पांढरी पडली.

"बघा!" माईंनी कपाळावर हात मारून घेतला. "बघा, वारं लागलं! चांगली फुलासारखी होती माझी सून!"

त्या क्षणी अनसूयेला स्वतःचाही भरवसा उरला नाही. चुकलं असेल तर? आपण जन्मभर जळलो त्या जळण्यानंच ही युक्ती शोधून काढली असेल तर? ती शकुंतलेचं डोकं मांडीवर घेऊन बसली, तिच्या बोटाचं रक्त शकुंतलेच्या केसांना लागत होतं, आणि ती कुठल्या देवाचं नाव घ्यावं तेही विसरली होती.

मग शरच्चंद्राच्या हातातलं बाळ चिरकलं. आधी मांजरासारखं बारीक, मग तोंड वासून, हातपाय झाडून, असं रडायला लागलं की शेजारच्या भिंतीवरून दोन डोकी डोकावली. शकुंतलेनं डोळे उघडले.

"अक्का," ती म्हणाली, "किती गार वाटतंय. मला आत नेऊ नका."

दुपारभर ती जुन्या खोलीत पडून राहिली. अंगावर दोन गोधड्या, डोक्याला स्कार्फ, आणि वर झरोक्यातून उन्हाचा कवडसा. बाळ दोनदा पोटभर प्यालं. संध्याकाळी राजाबाई आली, तिनं बाळाच्या गालाला बोट लावून सांगितलं, "मी म्हनलं नव्हतं? मिठमोहऱ्या नुसत्या काढून ठिवल्या तरी दिष्ट पळाली बगा." डॉक्टर आले. सगळं ऐकून घेतलं, नवी खोली बघितली, काचेवर लोंबणारा कागद बोटानं उचलून बघितला, आणि म्हणाले, "कोळशाचा विषारी वायू. तो दिसत नाही, वास येत नाही. शेगडी असली की दोन बाजूंनी हवा खेळती हवी, ऊब कमी झाली तरी चालेल. मास्तर, वेळेवर ओळखलंत, शाबास." मास्तरांनी मान खाली घातली, पण मी नव्हे, वहिनींनी, हे शब्द काही त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. अनसूया दाराआड उभी होती. इतकं होऊनही तिला तेवढं लागलंच.

डॉक्टर गेल्यावर माई जुन्या खोलीच्या दाराशी आल्या.

"झालं ना आता? खिडकी उघडी ठेवू, शेगडी लांब ठेवू. चल, शकुंतले, तुझ्या खोलीत. इथं काय सारवलेल्या भुईवर."

शकुंतला अनसूयेच्या हातून मेथीची भाजी खात होती. काहीतरी बोलणं चाललं होतं, लीला पलीकडं लोळत होती, आणि माई यायच्या आधी तिघी हसत होत्या. आता हसू थांबलं.

"मी इथंच राहते, माई," शकुंतला म्हणाली. "अक्का आहेत ना."

"अगं, पण मी..."

"तुम्हीही झोपा आज शांत. तुमचं डोकं दुखतंय."

बोलली ती मायेनंच. पण माईंनी अनसूयेकडं बघितलं. बघितलं आणि लगेच मान वळवली, पण अनसूयेला जे दिसायचं ते दिसून चुकलं. ती नजर तिला नवी नव्हती. कित्येक वर्षं ती स्वतः हीच नजर घेऊन या घरात वावरली होती.

दिवेलागणीला माई कुठं दिसेनात. अनसूया शोधत अंगणात आली तर नव्या खोलीचं दार लोटलेलं. आत माई रिकाम्या बाजेवर एकट्या बसल्या होत्या. थंडी वाजत होती म्हणून शेगडी त्यांनी स्वतःच पेटवून आत आणली होती, आणि सकाळी उघडलेली खिडकी पुन्हा लावून घेतली होती.

अनसूया दारात थांबली. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं. आपल्या जागी कुणीतरी बसलेलं बघून मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात अगदी गोड वाटलं. ते तिनं पुरतं वाटू दिलं आणि मग आत जाऊन खिडकी उघडली.

"राहू दे," माई म्हणाल्या. "मला काय होतंय? माझी कुणाला पडलीय?"

"डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना."

"ऐकलं. तुझंच खरं झालं. मी तुला नाही नाही ते बोलले." त्या बाजेच्या सुतळीशी चाळा करत राहिल्या. "तुझ्या खोलीत ती हसली गं. इतके दिवस मी उशापायथ्याशी बसले, माझ्याजवळ एकदा हसली नाही."

"आत डोकं दुखत होतं तिचं. कशी हसेल?"

"ते कळतं मला. कळून काय उपयोग? इथं नुसतं जळतंय." त्यांनी छातीवर हात ठेवला. "या वयात. लाज वाटते."

 अनसूयेला या दुखण्यावर कधी कुणी चार शब्द सांगितले नव्हते, ती कुठून आणणार? ती वाकली, पदराचा बोळा करून शेगडीचे कान धरले.

"जातं, माई," ती म्हणाली. "सवय होते हळूहळू."

"तुझं गेलं?"

अनसूया शेगडी उचलून उभी राहिली. निखाऱ्यांची धग तिच्या तोंडावर येत होती.

"नाही," ती म्हणाली, आणि शेगडी बाहेर घेऊन गेली.